मेंदूच्या शस्त्रक्रियेत ध्वनिलहरींची साथ

(परभणी जिल्ह्यातील आरोग्य सेवक, आशा कार्यकर्त्या, शिक्षक आणि नागरिक यांच्यासाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)

बाजारातून मडके घेताना ते वाजवून घ्यावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कानाला कळते. कलिंगड पिकले आहे की नाही हे शेतकरी टिचकी मारून सांगतो. वस्तू न फोडता तिच्या अंतरंगाची वार्ता ध्वनीकडून काढून घेण्याची ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आधुनिक वैद्यकाने तिलाच शास्त्राची बैठक दिली आणि मानवी देहातील अत्यंत नाजूक अशा मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत ती नेऊन पोहोचविली. मेंदूतील गाठ काढण्याचे काम चालू असताना, शस्त्रक्रियागृहातच, उघड्या मेंदूवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून शल्यचिकित्सक आतील दृश्य पाहू शकतो. हे तंत्र कोणते, त्याची गरज का भासली आणि परभणीसारख्या जिल्ह्यातील रुग्णाशी त्याचा संबंध काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सोनोग्राफी हा शब्द आज जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही परका राहिलेला नाही. गरोदर स्त्रीची तपासणी, मूतखडा, पोटाचे दुखणे अशा निमित्तांनी जिंतूर असो वा गंगाखेड, हे यंत्र बहुतेकांच्या परिचयाचे झाले आहे. त्याची दुसरी ओळख मात्र दुःखद आहे. गर्भातील मुलीचा जीव घेण्यासाठी या यंत्राचा दुरुपयोग झाला आणि त्याला आळा घालण्याकरिता देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला. पुढे १९९४ साली केंद्राचा कायदा आला. गर्भलिंग ओळखण्याची क्षमता असलेले कोणतेही यंत्र नोंदणीशिवाय विकता किंवा वापरता येत नाही, ते या कायद्यामुळेच. यंत्राला स्वतःची नीती नसते. ते वापरणाऱ्या हाताची नीती त्याला येऊन चिकटते. त्याच ध्वनिलहरी योग्य हाती पडल्या म्हणजे काय करू शकतात, याचे मेंदूची शस्त्रक्रिया हे एक बोलके उदाहरण आहे.

ध्वनीने दिसते कसे?

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० ते २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. वटवाघळे त्याच्याच आधारे अंधारात वाट काढतात. वैद्यकीय यंत्रात वापरला जाणारा ध्वनी तर सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा असतो. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, हा शोध पिएर आणि झाक या क्यूरी बंधूंनी १८८० साली लावला. याच्या उलट, अशा स्फटिकाला वीज दिली असता तो कंप पावतो. यंत्राच्या प्रोबमध्ये या गुणाचा उपयोग केलेला असतो. तोच प्रोब ध्वनी पाठवितो आणि तोच परत आलेला प्रतिध्वनी टिपतो.

शरीराच्या मऊ भागांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. पाच सेंटिमीटर खोल असलेल्या गाठीवर आदळून त्याला परत यावयास एका सेकंदाचा सुमारे पंधरा हजारावा भाग पुरतो. गेलेल्या वेळावरून खोली कळते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून तेथील पेशीजालाचा प्रकार कळतो. जेथून प्रतिध्वनी जोराने येतो तो भाग पडद्यावर उजळ दिसतो. जेथे नुसते द्रव साचलेले असते तो भाग काळा दिसतो. मेंदूतील बहुतेक गाठी भोवतालच्या निरोगी भागापेक्षा उजळ दिसतात आणि गाठीतील पाण्याची पोकळी काळी दिसते. कंपने जितकी अधिक, तितके चित्र बारकाव्याचे, पण ध्वनीची पोहोच तितकी कमी. म्हणून खोलवरची गाठ शोधताना एक प्रोब आणि शेवटी उरलेला अंश तपासताना दुसरा, अशी निवड करावी लागते.

कवटीचा अडसर

पोटावर सोनोग्राफी इतकी सहज होते, तर डोक्यावर ती का होत नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर कवटीच्या हाडात आहे. हाड ध्वनीला अडविते आणि विखुरते. नवजात बालकाच्या डोक्यावर मात्र टाळूची मऊ जागा असते. आजी ज्या टाळूवर तेल भरते, त्याच जागेतून बालरोगतज्ज्ञ बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी करू शकतो. टाळू भरून आली, की ही खिडकी मिटते.

व्हिएन्नातील डॉक्टर कार्ल ड्युसिक यांनी १९४२ साली बंद कवटीतून ध्वनी आरपार पाठवून मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांचे चित्र मिळविण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. पुढे असे आढळले, की त्या चित्रांत मेंदूपेक्षा कवटीच्याच हाडाची छाया अधिक होती. प्रयत्न फसला, पण दिशा दाखवून गेला. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा येथे फ्रेंच, वाइल्ड आणि नील यांनी मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूतील गाठ ध्वनीने ओळखता येते, हे दाखवून दिले. त्यानंतर १९७१ साली लंडनमध्ये सी.टी. स्कॅनने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र काढले आणि बंद कवटीच्या आत पाहण्याचे काम त्या यंत्राने, व मागाहून एम.आर.आय.ने आपल्याकडे घेतले. ध्वनी मागे पडला, असे वाटले. परंतु १९८० च्या सुमारास शिकागो येथील डॉक्टरांनी त्याला नवे स्थान मिळवून दिले. शस्त्रक्रियेसाठी कवटीचा तुकडा काढलेलाच असतो. म्हणजे शल्यचिकित्सकाने प्रौढ माणसाच्या डोक्यावरही तात्पुरती टाळू उघडलेली असते. त्या खिडकीतून ध्वनी का पाठवू नये, असा तो विचार होता.

कालचा नकाशा आणि आजचा मेंदू

शस्त्रक्रियेपूर्वी एम.आर.आय. झालेला असतो. गाठ कोठे आहे, किती मोठी आहे, हे त्यात स्वच्छ दिसते. मग शस्त्रक्रिया चालू असताना पुन्हा पाहण्याची गरज ती कोणती? या प्रश्नातच विषयाचे मर्म आहे.

गोदाकाठच्या गावांना याचे उत्तर सहज उमगेल. पूर ओसरल्यावर शेतकरी रानात जातो, तेव्हा बांध जागेवर नसतो, गाळ नव्या ठिकाणी साचलेला असतो, काठ खचलेला असतो. तलाठ्याच्या दप्तरातील नकाशा खोटा नसतो, पण तो पुराच्या आधीचा असतो. मेंदूचेही तसेच आहे. मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. कवटी उघडली, वरचे आवरण छेदले, द्रव वाहून गेला आणि गाठीचा काही भाग निघाला, की मेंदू खाली बसतो, एका बाजूस कलतो. हे सरकणे कधीकधी एक सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरते. हातपाय हलविणारे आणि वाणी चालविणारे भाग जेथे एकमेकांस खेटून असतात, तेथे एक सेंटिमीटर हे फार मोठे अंतर आहे. संगणकाच्या साहाय्याने एम.आर.आय.वरून मार्ग दाखविणारी यंत्रणा हाताशी असली, तरी तिचा नकाशा कालचाच राहतो.

त्यात गाठीचा स्वभावही निरनिराळा असतो. काही गाठी मेंदूच्या आवरणातून उगवतात आणि आंब्याच्या कोयीसारख्या वेगळ्या ओळखू येतात. ग्लायोमा जातीच्या गाठी मात्र काळ्या रानातल्या हरळी-कुंद्यासारख्या असतात. वरून रान कोठे संपले आणि तण कोठे सुरू झाले हे दिसते. मातीखाली मुळ्या कोठवर गेल्या ते दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखालीही गाठीची कड निरोगी मेंदूसारखीच भासू शकते. थोडे कमी काढले तर रोग मागे राहतो; थोडे जास्त काढले तर माणसाचा हात, बोलणे किंवा दृष्टी जाण्याचे भय असते. या दोहोंच्या मधली अरुंद पायवाट शल्यचिकित्सकाला दर क्षणी शोधावी लागते. ताज्या चित्राचे मोल आहे ते येथे.

शस्त्रक्रियागृहातील क्रम

कवटीचा तुकडा बाजूला काढल्यावर मेंदूचे जाड आवरण अजून शाबूत असते. निर्जंतुक पिशवीत गुंडाळलेला लहानसा प्रोब त्या आवरणावर ठेवला जातो. पडद्यावर प्रथम ओळखीच्या खुणा शोधतात. मेंदूच्या दोन अर्धांच्या मधला पडदा आणि द्रवाच्या पोकळ्या सापडल्या, की दिशा पक्की होते. मग गाठ दिसते. ती पृष्ठभागापासून किती खोल आहे, कोणत्या वाटेने गेल्यास निरोगी मेंदूला कमीत कमी धक्का लागेल, हे आवरण उघडण्यापूर्वीच ठरविता येते. डॉप्लर पद्धतीने रक्तवाहिन्याही रंगीत दिसतात, त्यामुळे मोठी वाहिनी चुकविता येते.

त्यानंतर गाठ काढण्यास आरंभ होतो. येथेही ध्वनी दुसऱ्या रूपाने मदतीस येतो. अल्ट्रासॉनिक ॲस्पिरेटर नावाचे उपकरण आपल्या टोकाच्या अतिवेगवान कंपनांनी गाठीचा गर मोडते आणि लगेच शोषून घेते. काही भाग निघाला, की पोकळीत सलाइन भरतात आणि प्रोब पुन्हा ठेवतात. काठाशी उजळ पट्टा उरला आहे काय? तो महत्त्वाच्या भागापासून किती दूर आहे? उत्तराप्रमाणे हात पुढे सरकतो किंवा थांबतो. ही पाहणी काही मिनिटांत होते, तिच्यात क्ष-किरणांचा लवलेश नसतो आणि ती हवी तितक्या वेळा करता येते.

शस्त्रक्रियेच्या मध्येच एम.आर.आय. काढण्याची सोय असलेली शस्त्रक्रियागृहेही जगात आहेत आणि त्यांचे चित्र उत्तम असते. पण त्यासाठी कोट्यवधी रुपयांचे यंत्र, चुंबकाला चालतील अशी हत्यारे, खास बांधलेली खोली आणि प्रत्येक तपासणीसाठी काम थांबविण्याची तयारी लागते. सोनोग्राफीचे यंत्र चाकांवर ढकलत आणता येते. मर्यादित साधनांच्या देशाला हा फरक लहान नाही.

मुंबईतील कार्य

महाराष्ट्रात या तंत्राचा पद्धतशीर अवलंब आणि अभ्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला. परळ येथील हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील मेंदू-शल्यचिकित्सक डॉ. अलीअसगर मोईयादी आणि डॉ. प्रकाश शेट्टी यांनी शस्त्रक्रियेतील सोनोग्राफीच्या उपयुक्ततेवर २०११ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि कमी खर्चात मार्गदर्शन करणारे साधन म्हणून तिची मांडणी केली. तो निबंध ज्या नियतकालिकात आला, ते ग्रामीण भागातील मज्जासंस्थेच्या उपचारांना वाहिलेले आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

याच गटाने पुढे त्रिमिती सोनोग्राफीचाही उपयोग केला. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरात शल्यचिकित्सक व अभियंते यांनी मिळून सोनोवॉन्ड ही यंत्रणा विकसित केली होती. तिच्यात प्रोबची जागा कॅमेऱ्याने सतत टिपली जाते, प्रोब मेंदूवरून फिरविला की गाठीचे तीन मितींतील चित्र तयार होते आणि शल्यचिकित्सकाच्या हातातील हत्याराचे टोक त्या चित्रात कोठे आहे, हेही दिसते. मेंदू सरकला, की नवे चित्र घ्यावयाचे. नकाशा पुन्हा आजचा होतो. टाटा रुग्णालयातील या अनुभवावरचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आणि परदेशातील तज्ज्ञांनीही त्यांची दखल घेतली.

मर्यादांचे भान

कोणत्याही साधनाची स्तुती करताना त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य नव्हे. गाठीभोवतीची सूजही किंचित उजळ दिसते, त्यामुळे कड फसवी होते. साकळलेले रक्त उजळ दिसते. हवेचा बुडबुडा चित्र बिघडवितो. पोकळीत भरलेले सलाइन मेंदूइतका ध्वनी शोषत नाही. त्यामुळे पोकळीच्या तळाशी खोटी चमक येते आणि गाठ उरल्याचा भास होतो. शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे अचूकतेची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, चित्र वाचणे सर्वांत अवघड होते. म्हणून हे कौशल्य यंत्राबरोबर पेटीत येत नाही. ते अनेक शस्त्रक्रियांतून डोळ्यांना लागते.

सोनोग्राफी रचना दाखविते, कार्य दाखवीत नाही. एखादा भाग बोलण्याचा आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. यासाठी काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या मध्ये जागे ठेवून बोलते करतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे शक्य होते. रुग्ण आपल्या मातृभाषेत चित्रांची नावे सांगत असतो, आकडे मोजत असतो. शब्द अडखळला, की शल्यचिकित्सक तेथे थांबतो. शस्त्रक्रियेतील प्रतिमादर्शक साधनांमुळे गाठ अधिक प्रमाणात काढता येण्याचा संभव वाढतो, परंतु याविषयीचा पुरावा अजून कमी दर्जाचा आहे, असा निष्कर्ष २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेने काढला. घातक गाठींत शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार व औषधोपचारही लागतातच. ध्वनिलहरी म्हणजे चमत्कार नव्हे. ती एका कुशल हाताला मिळालेली साथ आहे.

परभणीच्या रुग्णाचा मार्ग

येथपर्यंतचे वर्णन मुंबईच्या शस्त्रक्रियागृहाचे झाले. पण सेलू, पालम किंवा सोनपेठ तालुक्यातील रुग्णाची कथा त्या दारात पोहोचण्याच्या कितीतरी आधी सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच तिचा निकाल लागत असतो. गाठ लहान असताना आलेला रुग्ण आणि हातपाय लुळे पडल्यावर, दृष्टी गेल्यावर आलेला रुग्ण, या दोघांना एकच यंत्र सारखा लाभ देऊ शकत नाही.

पहाटे वाढणारी आणि उलटीबरोबर येणारी डोकेदुखी, प्रौढ वयात प्रथमच आलेली आकडी, एका बाजूच्या हातापायाची हळूहळू वाढणारी अशक्तता, बोलताना शब्द न सुचणे, दृष्टी अंधुक होणे, स्वभावात कारणाशिवाय झालेला पालट, ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे. बहुतेक डोकेदुख्यांचे कारण साधेच असते. तसेच स्कॅनमध्ये दिसलेली प्रत्येक गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. क्षयरोगाची किंवा जंताची गाठही मेंदूत होते आणि तिच्यावर अनेकदा औषधांनी उपचार होतात. मात्र हे ठरविणे तज्ज्ञाचे काम आहे. आकडी आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगविणे, बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करणे, यांत जे दिवस जातात, ते परत मिळत नाहीत. आकडी आली असता रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि रुग्णालय गाठावे. गावात हे सर्वांत आधी ज्यांच्या कानावर येते, त्या आशा कार्यकर्तीचा आणि शिक्षकाचा शब्द येथे निर्णायक ठरतो.

दुसरी अडचण खर्चाची. गंभीर आजारांच्या शस्त्रक्रियांसाठी राज्यात १९९७ साली जीवनदायी योजना सुरू झाली. २०१२ साली तिच्या जागी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. योजनेचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा आणि ते राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. मेंदूच्या शस्त्रक्रियांचा तिच्यात समावेश आहे. योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी त्याला भेटावे. शेत गहाण टाकण्यापूर्वी हा एक दरवाजा ठोठावून पाहावा.

तिसरी अडचण अंतराची. परभणी स्थानकातून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालेला रुग्ण दादरला उतरतो आणि तेथून परळ जवळच आहे. परक्या शहरात आठवडेच्या आठवडे राहावे लागते, तेव्हा दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा अनेक कुटुंबांना आधार देतो. हा प्रवास कोणाच्याही वाट्याला शक्यतो येऊ नये, अशीच इच्छा असावी. २०२३ साली परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे घडणाऱ्या डॉक्टरांपैकी काहींनी उद्या मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले, तर कोट्यवधींच्या चुंबकाची वाट न पाहता, चाकांवरच्या सोनोग्राफी यंत्रापासून त्यांना आरंभ करता येईल. मराठवाड्याच्या दृष्टीने या तंत्राचे खरे आकर्षण हेच आहे.

बंधुभगिनींनो, मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली, की माणूस वाचला तरी जन्माचा पंगू होणार, ही भीती आजही घराघरांत आहे. ती भीती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण ती जुनी झाली आहे. शल्यचिकित्सकाला आज गाठीची जागा काम चालू असताना पाहता येते, कोठे थांबावे हे अधिक नेमकेपणाने ठरविता येते. त्या सोयीचा लाभ पुढे काय होईल, हे मात्र रुग्ण तेथे केव्हा पोहोचतो यावर अवलंबून राहील. पहिल्या आकडीनंतर आठवड्याभरात तपासणी व्हावी, एवढा जरी नियम परभणी जिल्ह्यातील प्रत्येक गावाने पाळला, तरी या भाषणाचा हेतू सफल होईल.